२० च्या बोल्टला २२ चं होल, हे आलं कुठनं?

कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत नाहीतर उद्यमनगरात कुठल्याबी फॅब्रिकेशनवाल्याकडं जाऊन विचारा, २० मिमी जाडीच्या बोल्टला होल किती, पोरगं मान वर न करता सांगतंय २२. पण २२ च का, हे लई कमी जणांना ठाऊक असतंय, आणि त्यामुळंच साइटवर होल जुळलं नाही की लगेच गॅस कटर निघतो. ते बघून जीव तुटतो म्हणून हे लिहितोय.

गोष्ट रिव्हेटपासनं, म्हणजे बिनआट्याच्या लोखंडी खिळ्यापासनं सुरू होते. १९४३ ला सुरू झालेला हावडा ब्रिज सगळा रिव्हेटचा. रिव्हेट लालभडक तापवून होलात घालायचा आणि डोकं ठोकायचं. तापून फुगलेला रिव्हेट आत जायला जागा पाहिजे म्हणून होल १/१६ इंच मोठं, म्हणजे साधारण दीड मिमी, आपल्या आयएस ८०० च्या, म्हणजे स्टील बांधकामाच्या भारतीय कोडाच्या, जुन्या १९८४ च्या आवृत्तीतपण २५ मिमीपर्यंतच्या रिव्हेटला दीडच मिमी धरलेले. आणि खरी गंमत पुढं, ठोकल्यावर रिव्हेट आतल्या आत पसरतो आणि ती जागा बऱ्यापैकी भरून जाते.

बोल्ट पसरत नाही. गॅप राहिला तो राहिलाच, लोड आला की प्लेट आधी सरकणार आणि मग बोल्ट होलच्या काठाला टेकणार. मग बोल्टवर भरवसा कसा ठेवायचा? १९३४ ला ब्रिटनमध्ये बाथो आणि बेटमन या संशोधकांनी दाखवलं की तगडा बोल्ट नीट आवळला तर प्लेटांच्या घर्षणावरच जॉइंट थांबतो, सरकतच नाही. मग १९४७ ला अमेरिकेत या जॉइंटच्या अभ्यासासाठी कौन्सिल झालं, १९५१ ला त्यांनी रिव्हेटच्या जागी तेवढ्याच साइझचा हाय स्ट्रेंग्थ बोल्ट चालेल म्हणून नियम काढला. रिव्हेट गेला, पण त्याचं १/१६ इंच बोल्टला चिकटून राहिलं, आपल्या मिमीच्या कोडात ते २ मिमी, म्हणून २० ला २२.

ओव्हरसाइज (नेहमीपेक्षा मोठी) आणि स्लॉटेड (लांबट) होलं कोडात आहेत, नाही असं नाही, पण फुकट नाहीत. आयएस ८००:२००७ प्रमाणं २० च्या बोल्टला २४ चं होल केलं की घर्षणाची ताकद ०.८५ पट धरायची, लांब स्लॉट लोडच्याच दिशेला असेल तर ०.७ पट. अमेरिकन कोडात तर ओव्हरसाइज होल फक्त घर्षणावर चालणाऱ्या जॉइंटलाच चालतंय. गॅसनं वाढवलेलं वाकडंतिकडं भोक यातल्या कशातच बसत नाही, हे इरेक्शनवाल्या भावांनो खरंच ध्यानात घ्या, ड्रिफ्ट (होलं जुळवायची निमुळती पिन) घालून बघा, रिमर (होल साफ कापून वाढवायचं हत्यार) फिरवा, नाहीतर डिझायनरला फोन लावा.

मोठे बोल्ट घडवताना दांडा थोडा जाड येऊ शकतो, त्यांना १/१६ अपुरं पडायचं. अमेरिकेनं १ इंच आणि त्यावरच्या बोल्टला ते १/८ केलं २०१६ मध्ये. आपल्याकडं २४ च्या वरच्या बोल्टला ३ मिमी २००७ च्याच कोडात आहे, म्हणजे ३० ला ३३.