साखरेवर कडूचा उतारा

सकाळी सहाला शहरातल्या मोठ्या बागेच्या फाटकाशी रसवाल्याची गाडी लागलेली असते. कारलं, दुधी, आवळा, कडुनिंब. फिरून आलेले काका पेला एका दमात रिकामा करतात आणि तोंड वाकडं करत सांगतात, "जितकं कडू, तितकी शुगर खाली." रक्तात गोड वाढलं तर उतारा कडूचाच, हा हिशोब आपल्या अंगात इतका मुरलाय की तो कधी कुणी पडताळून बघत नाही. पण या हिशोबापायी माणसं दगावली आहेत.

दुधी, कारलं, काकडी, भोपळा ही सगळी एकाच कुळातली. किडींना आणि जनावरांना दूर ठेवायला या कुळातल्या वेली कुकुरबिटासिन नावाची अतिशय कडू, विषारी द्रव्यं तयार करतात. आपण लावतो त्या दुधीत ती जवळजवळ नसतात, म्हणून त्याची भाजी होते. तरी एखादा दुधी कडू निघतोच. बाहेरून तो इतरांसारखाच हिरवागार आणि कोवळा दिसतो, कळतो तो फक्त जिभेला. त्यात कारल्याचा रस मिसळला की ती एकुलती एक खूणही बुडून जाते. 2010 साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ असाच दुधी-कारल्याचा रस पिऊन दगावले. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) तज्ज्ञ समितीने स्पष्ट सांगितलं की रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखून बघा, कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्या आणि दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नका. या विषावर उतारा नाही. रस प्यायल्यावर पोटात कळा आल्या, उलट्या सुरू झाल्या, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

कारल्याबद्दलही थोडं निराशेचंच सांगावं लागतं. मधुमेहावर त्याचे जे प्रयोग माणसांवर झाले, ते 2012 साली कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात एकत्र तपासले गेले. कारल्याने साखर उतरते असं म्हणण्याइतका पुरावा त्यांत सापडला नाही. भाजी म्हणून कारलं उत्तमच आहे, ते जरूर खावं.

मग स्वयंपाकघरात काहीच नाही का? आहे. मूठभर मेथीदाणे रात्री भिजत घाला आणि सकाळी एक दाणा चिमटीत धरून दाबा. बोटांना बुळबुळीत चिकटा लागेल. मेथीचा कडवटपणा सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण कामाचा मुख्य माल हा चिकटा आहे. गॅलॅक्टोमॅनन नावाचा हा विरघळणारा तंतू पोटात जेलीसारखा फुगतो, जेवण सावकाश पुढे सरकतं आणि साखर रक्तात एकदम न चढता हळूहळू मिसळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने यावर बरंच काम केलं. मात्र तिथल्या प्रयोगांत रुग्णांना दिवसाला 25 ग्रॅमपासून 100 ग्रॅमपर्यंत मेथीची पूड दिली होती. चहाचा एक चमचा मेथ्या म्हणजे जेमतेम चार ग्रॅम. वरचं पाणी पिऊन दाणे फेकून दिले, तर चिकट्याचा मोठा वाटा दाण्यांबरोबरच जातो.

आता साखरेवरून कोलेस्टेरॉलकडे वळू. इसबगोलाला तर चवच नाही, आणि कोलेस्टेरॉलवरच्या घरगुती उपायांत सर्वांत भरवशाचा तोच. आपलं यकृत कोलेस्टेरॉल वापरून चरबी पचवणारी पित्ताम्लं बनवतं. काम झालं की या पित्ताम्लांतली बरीचशी आतड्यातून शोषली जाऊन यकृताकडे परततात. इसबगोलाचा गोळा त्यातली काही धरून बाहेर नेतो, मग तूट भरून काढायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं. रोज साधारण 10 ग्रॅम घेतलं तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 5 ते 10 टक्के उतरतं. भरपूर पाण्यासोबत घ्यावं, आणि इतर गोळ्यांपासून दोन तास लांब.

गुग्गुळाची, म्हणजे एका झुडपाच्या औषधी डिंकाची, गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या (अंगात चरबी साठण्याच्या आजाराच्या) वर्णनाचा धागा पकडून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले आणि 1966 साली प्रबंध सादर केला. त्यातून पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने गुगुलिपिड हे औषध घडवलं. जुन्या ग्रंथातलं सूत्र प्रयोगशाळेत नेऊन घासून बघायचं, ही वाट सत्यवतींनी घालून दिली. भारतातल्या चाचण्यांत कोलेस्टेरॉल उतरलंही. पण 2003 साली अमेरिकेत 103 जणांवर आठ आठवडे चाचणी झाली, तेव्हा गुगुलिपिड घेणाऱ्यांचं एलडीएल 4 ते 5 टक्के वाढलं. नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांचं मात्र 5 टक्के उतरलं होतं. काहींच्या अंगावर पुरळ उठलं. दरम्यान, जास्त डिंक मिळावा म्हणून खोडावर खोल घाव घालून कच्छ-राजस्थानातली गुग्गुळाची झुडपं वाळून मरत राहिली. आज ही जात अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

आणि मधुमेहाची सर्वांत जास्त वापरली जाणारी गोळी, मेटफॉर्मिन, तिची आजी एक वनस्पतीच आहे. युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपात गॅलेजीन असतं. ते साखर उतरवतं, पण विषारीही आहे. हे झुडूप खाऊन मेंढ्या मरायच्या. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच जातकुळीतलं सौम्य मेटफॉर्मिन 1922 साली बनवलं आणि पॅरिसच्या ज्याँ स्टेर्न यांनी रुग्णांवरचे निष्कर्ष 1957 साली मांडले. तेव्हा गोळी सोडून 'झाडपाल्यावर' जाणारा माणूस खरं तर नीट मोजलेला झाडपाला सोडून न मोजलेल्याकडे जातो.

आणखी एक धोका पुड्यांचा. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' किंवा 'हर्बल' म्हणून विकलेल्या मधुमेहाच्या चूर्णांत आणि कॅप्सूलमध्ये ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी आधुनिक औषधं मिसळलेली अनेक देशांत पकडली गेली आहेत. अशी पुडी आणि डॉक्टरांची गोळी एकदम पोटात गेली की साखर धोक्याच्या खाली जाते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. घरात कुणी अशी पुडी घेत असेल, तर पुढच्या तपासणीला ती डबीच पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.