खाकीची छटा कोणत्या सालची?

मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायाचा छोटा पुतळा रंगवायला घेतला की रंगाची डबी उघडण्याआधी तारीख ठरवावी लागते. मार्च १९४४ मध्ये या रेजिमेंटची चौथी बटालियन मणिपुरात सांगशाकला जपान्यांशी झुंजत होती. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. ९ एप्रिल १९४५ ला इटलीतच सेनियो नदीवर पहिल्या बटालियनच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन नदी ओलांडली. घाडगे आणि जाधव दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिन्ही घटना जेमतेम तेरा महिन्यांतल्या आणि रेजिमेंटही एकच. तरीही या तीन शिपायांना एकाच डबीतला रंग लावला तर निदान दोन तरी चुकतील.

याचं कारण खाकीच्या जन्मातच आहे. १८४६ मध्ये हॅरी लम्सडेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने पेशावरला गाइड्सची पलटण उभी केली आणि लाल कोटाऐवजी तिला मातकट कपडे दिले. फारसीत खाक म्हणजे धूळ, त्यावरून हे नाव पडलं. तेव्हा या रंगाची ठरलेली अशी कृतीच नव्हती. हाती येईल ते पांढरं सुती कापड हाती येईल त्या द्रव्यात बुडवायचं. १८५७ मध्ये सियालकोटच्या ५२व्या लाइट इन्फंट्रीने आपले पांढरे उन्हाळी कपडे असेच रंगवून घेतले. इतर पलटणींनी चहा, चिखल, शाई असं काय काय वापरलं. त्यामुळे त्या काळातल्या एकाच रांगेत कुणी पिवळसर, कुणी करडा, कुणी जांभळट दिसत असणार. १८५७ चा शिपाई रंगवताना मी दोन पुतळ्यांना मुद्दामच एकसारखी छटा देत नाही.

पक्का रंग आला तो १८८४ मध्ये. लँकेशायरमधल्या अ‍ॅक्रिंग्टनच्या गॅटी यांनी खनिज खाकीचं पेटंट घेतलं. लोखंड आणि क्रोमियम यांचे क्षार कापडात मुरवायचे आणि मग धाग्यातच त्यांची ऑक्साइडं बसवायची, अशी ही पद्धत. लोखंडाने गंजासारखा तांबूस पिवळा येतो, क्रोमियमने हिरवट. प्रमाण जरा इकडचं तिकडे झालं की छटा बदलते. जुन्या कपड्यांत एक खाकी हिरवीकडे झुकलेली आणि दुसरी बिस्किटासारखी का दिसते, याचा बराचसा उलगडा इथेच होतो. १८९७ पासून परदेशी तैनातीतल्या सगळ्या ब्रिटिश फौजेला खाकी लागू झाली. १९०२ मध्ये मायदेशातल्या सैनिकालाही तिचीच भावंड असलेली लोकरी सर्व्हिस ड्रेस (लढाईचा गणवेश) मिळाली, पण तिचा रंग चांगलाच तपकिरी होता. नाव खाकीच राहिलं. घोळ सुरू झाला तो इथून.

आता त्या तीन शिपायांकडे येऊ. घाडगे ऐन उन्हाळ्यातले, म्हणजे सुती खाकी ड्रिलचे (ड्रिल म्हणजे तिरप्या विणीचं टिकाऊ कापड). जाधवांच्या वेळी लोकरी सर्ज कापडाच्या बॅटलड्रेसचे, म्हणजे लढाईच्या गणवेशाचे दिवस अजून सरले नव्हते. तो गडद, तपकिरी, अंगावर जाड बसणारा. सांगशाकचा शिपाई हिरवा. ब्रह्मदेशच्या रानात खाकी ड्रिल दुरूनच उठून दिसते हे ध्यानात आल्यावर १९४२-४३ मध्ये भारतात आधी खाकी कपडेच हिरव्या रंगात बुडवले गेले आणि मग जंगल ग्रीन कापड निघालं. पिवळसर कापडावर चढवलेला हिरवा आणि मुळात हिरवा विणलेला, हे दोन रंग ब्रशखाली वेगळेच उतरतात. धुऊन धुऊन दोन्ही राखाडीकडे जातात.

पुरावा शोधताना कृष्णधवल फोटोंवर विसंबू नये. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश कळतच नसे, म्हणून लाल काळपट उमटे आणि निळा फिकट. संग्रहालयातला कपडाही बाहेरून विटलेला असतो. कधी जुनी खाकी अर्धी चड्डी हाती लागली तर पायाची दुमड हलकेच उलटून पाहा. ऊन न लागलेल्या त्या बोटभर पट्टीत मूळ रंग असतो आणि तिच्यालगतचं कापड त्याहून दोन-तीन पायऱ्या फिकं झालेलं दिसतं. त्या दोन रंगांच्या मधे सैनिकाची सगळी नोकरी असते. नवा रंगरूट पट्टीच्या आतल्या रंगाचा, चार उन्हाळे काढलेला जुना जाणता जवळपास पांढुरका.

रंगांच्या डब्यांचा इतिहास त्यामानाने छोटा आहे. १८९३ मध्ये ब्रिटन्स कंपनीने पोकळ ओतीव शिशाचे ५४ मिमी सैनिक काढले. ते होते चकचकीत एनॅमल रंगाचे. खेळणं असल्याने कोट लाल आणि विजार निळी एवढं दिसलं की पुरे. पुढे चकाकी नसलेले मॅट रंग आले, हम्ब्रोल कंपनीच्या इवल्या डब्या आल्या आणि ‘खाकी’ (२६) व ‘खाकी ड्रिल’ (७२) असे दोन वेगळे क्रमांक मिळाले. आज बऱ्याच टेबलांवर वाय्येहो कंपनीचे अ‍ॅक्रिलिक रंग असतात आणि लोकरी गणवेशासाठी ‘इंग्लिश युनिफॉर्म’ ही बाटली उघडली जाते. जाधवांसाठी ती ठीक आहे, घाडगेंसाठी अजिबात नाही.

घाडगेंना मी खाकी ड्रिलमध्ये थोडा बफ (फिकट पिवळसर रंग) मिसळतो, कारण ५४ मिमीच्या पुतळ्यावर खऱ्या कापडाचा रंग जसाच्या तसा लावला तर तो काळवंडलेला वाटतो. खांदे, गुडघे आणि खिशांच्या झडपांच्या कडा आणखी एका पायरीने उजळतो. झडपेच्या खाली मात्र तोच मूळ, न विटलेला रंग, अगदी बारीक रेघेत.