उन्हाळ्यात हिमालयात कॅम्प इंटर्न व्हायचंय? अर्ज कधी, कसा आणि कुठली कागदपत्रं

मे महिना आला, मनालीकडचे टेंटचे फोटो इन्स्टावर दिसायला लागले की मला मेसेज सुरू होतात, "ताई, मला पण दोन महिने इंटर्न म्हणून जायचंय, फॉर्म कुठे भरायचा?" अरे बाबांनो, मे मध्ये शाळेच्या मुलांचे कॅम्प चालू असतात, भरती आधीच उरकलेली असते. सीझन साधारण एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस पोचायच्या आत, आणि चांगले कॅम्पवाले त्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीतच माणसं बघून ठेवतात.

कॅम्पचा फॉर्म तसा छोटाच असतो, नाव, फोटो, कधीपासून मोकळे आहात वगैरे. त्यातल्या एका रकान्यात सगळे अडकतात, "कुठला कोर्स केलाय?" सह्याद्रीतले पन्नास ट्रेक तिथे लिहिता येतात, लिहाच, पण समोरच्याला बघायचं असतं बीएमसी, म्हणजे बेसिक माउंटेनियरिंग कोर्स. म्हणून यावर्षीचा खरा अर्ज बीएमसीचा, इंटर्नशिप पुढच्या उन्हाळ्यात.

बीएमसी सरकारी संस्थेतूनच करा असं माझं स्पष्ट मत आहे. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग, जिला सगळे 'निम' म्हणतात, ती १९६५ ची. दार्जिलिंगची एचएमआय, म्हणजे हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट, १९५४ ची, तिथे तेनझिंग नोर्गे स्वतः शिकवायला होते. मनालीला अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची संस्था आहे. निम आणि एचएमआयचा कोर्स २८ दिवसांचा, मनालीचा थोडा कमी. राहणं, जेवण, गिअर सगळं फीमध्येच, त्यामुळे खासगी कोर्सच्या मानाने स्वस्तात पडतं. वयाची अट प्रत्येकाची थोडी वेगळी, १६-१७ पासून चाळीशीपर्यंत धरून चाला आणि त्या वर्षीचं प्रॉस्पेक्टस उघडून खात्री करा.

अर्ज ऑनलाइन. संस्थेच्या साइटवर वर्षाचं कॅलेंडर लागतं, त्यातली बॅच निवडून रजिस्ट्रेशन करायचं. कॉलेजच्या सुट्टीतल्या बॅच सगळ्यात आधी भरतात, वेटिंग लिस्ट लांब असते, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरची बॅच जमत असेल तर ती धरा, गर्दीपण कमी आणि जानेवारीत कॅम्पला अर्ज करताना सर्टिफिकेट हातात.

आता कागदपत्रं. आधार, जन्मतारखेचा पुरावा म्हणून दहावीचं सर्टिफिकेट, पासपोर्ट साइज फोटो, मेडिकल आणि रिस्क बाँड, म्हणजे धोका माहीत आहे आणि जबाबदारी आपली असं लिहून द्यायचा कागद. १८ च्या आतले असाल तर आईवडिलांची सही. आपल्याकडे पहिली गडबड नावाची, बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे गायब, लग्न झालेल्या मुलींचं तर विचारूच नका. फॉर्ममध्ये आधारवर जसं आहे तसंच टाका, अक्षर न् अक्षर.

मेडिकल सर्टिफिकेट संस्थेच्याच छापील नमुन्यावर लागतं, साध्या लेटरहेडवर "फिट आहे" लिहून आणलेलं चालत नाही. एमबीबीएस डॉक्टर मागितला असेल तर घराजवळच्या बीएएमएस काकांची सही नेऊ नका, ते कितीही चांगले असले तरी. माझ्या कागदावर शिक्का होता, सही होती, फक्त डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर नव्हता, आणि हे कळलं रिपोर्टिंगच्या दिवशी, मग सॅक तिथेच टाकून अनोळखी गावात डॉक्टर शोधत तीन तास फिरले. दमा, फिट्स, जुनं गुडघ्याचं ऑपरेशन असं काही असेल तर लपवू नका, वर गेल्यावर ते बाहेर येतंच.

रिस्क बाँडवर लोक न वाचता सही करतात. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर निमच्याच ॲडव्हान्स कोर्सची टीम हिमस्खलनात सापडली, तेव्हाच्या शोधात २७ मृतदेह मिळाले, दोघं बेपत्ता राहिले. घाबरवायचं नाहीये, पण तो कागद आईबाबांसोबत बसून वाचा.

कोर्समध्ये ग्रेड मिळते. 'ए' आली तरच पुढे ॲडव्हान्सला जाता येतं, आणि इन्स्ट्रक्टर व्हायचं असेल तर त्यानंतर एमओआय, म्हणजे शिकवायचं कसं याचा कोर्स. इंटर्नला बहुतेक ठिकाणी बीएमसी पुरतं, सोबत वाइल्डरनेस फर्स्ट एडचं, म्हणजे दवाखान्यापासून लांब डोंगरात करायच्या प्रथमोपचाराचं, सर्टिफिकेट असेल तर तुमचा अर्ज वर सरकतो. त्याला मुदत असते, ती संपलेली नाही ना बघा.

मग कॅम्पचा अर्ज. वय १८ पूर्ण लागतं. शाळेची मुलं असतात म्हणून पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागतात, महाराष्ट्रात ते ऑनलाइन अर्ज करून मिळतं, पण पोलीस स्टेशनची फेरी होतेच, महिनाभर आधी टाका. तुम्ही पण कॅम्पवाल्यांकडून दोन गोष्टी लेखी मागा, अपघात विमा कोणाच्या नावाने आहे आणि स्टायपेंड किती. "जेवण-राहणं फ्री, अनुभव मिळेल" एवढंच उत्तर आलं तर निदान येण्याजाण्याचं भाडं तरी मागा.

काम काय असतं ते पण ऐका. सकाळी सहाला चाळीस हेल्मेट मोजायची, प्रत्येक पोराच्या हार्नेसचा (दोर अडकवायला कमरेला बांधतात तो) पट्टा बकलमधून परत मागे घेतलाय का ते बोट घालून बघायचं, आणि रात्री कोणी आई पाहिजे म्हणून रडत असेल तर झोप येईपर्यंत त्याच्या टेंटबाहेर बसायचं. शिखर वगैरे विसरा.

आणि मेडिकलच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा, ओरिजिनल संस्था ठेवून घेते आणि कॅम्पवाले परत तेच मागतात.