‘ब्लेझ’ची पार्श्वभूमी: गव्हर्नर, नर्तकी आणि मतदारयाद्या

रॉन शेल्टन यांचा ‘ब्लेझ’ डिसेंबर १९८९ मध्ये आला. पॉल न्यूमन त्यात अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचे गव्हर्नर अर्ल लाँग झाले होते, तर लोलिता डेव्हिडोविच बर्लेस्क नर्तकी ब्लेझ स्टार. स्टार यांच्या १९७४ च्या आत्मचरित्रावर चित्रपट बेतलेला असल्याने सगळी हकिकत प्रेमाच्या अंगाने येते. पण १९५९ साली लुइझियानात काय पेटलं होतं ते ठाऊक नसेल, तर चित्रपट अर्धाच कळतो.

लाँग घराणं लुइझियानातल्याच विनफिल्ड गावचं. थोरले बंधू ह्यूई गव्हर्नर, मग सिनेटर झाले. १९३५ साली त्यांची हत्या झाली. अर्ल स्वतः तीनदा गव्हर्नर झाले. वृद्धांना पेन्शन, शाळेत मुलांना फुकट गरम जेवण, काळ्या शिक्षकांना गोऱ्यांइतका पगार ही त्यांची कामं.

ब्लेझ मूळच्या फॅनी बेल फ्लेमिंग, वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातल्या. संगीताच्या तालावर, प्रेक्षकांना झुलवत एकेक वस्त्र उतरवायचं हा बर्लेस्कचा खेळ. त्यांच्या खेळात त्या कोचावर पहुडल्या की कोचातून धूर निघू लागे! बाल्टिमोरमध्ये नाव कमावून त्या न्यू ऑर्लीन्सच्या बोर्बन स्ट्रीटवर ‘शो-बार’मध्ये आल्या. लाँग त्यांना तिथेच भेटले. ते साठी ओलांडलेले आणि विवाहित. ब्लेझ पंचविशीच्या पुढे.

त्याच सुमारास वर्णभेदवादी आमदार विली रेनाक आणि त्यांच्या साथीदारांनी मतदारयाद्यांतून काळ्यांची नावं उडवायला सुरुवात केली होती. अर्जातली स्पेलिंगची चूकसुद्धा त्यासाठी पुरत असे. काळ्यांची मतं लाँग यांच्या पारड्यात पडत, तेव्हा यात त्यांचा स्वार्थ होताच. तरीही मे १९५९ मध्ये भर विधिमंडळात त्यांनी रेनाक यांना सुनावलं ते धाडसाचंच होतं: घरी जाऊन ओसरीवर बूट काढाल, पाय धुवाल, चंद्राकडे बघत देवाच्या जवळ जाल, तेव्हा काळेही माणसंच आहेत हे तुम्हाला मानावंच लागेल. काळ्यांसाठी वापरलेला शब्द मात्र त्या काळचा शिवराळच होता.

भाषणात त्यांचा तोल सुटला. पत्नी ब्लँच आणि नातलगांनी त्यांना विमानाने टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनच्या इस्पितळात हलवलं. पुढे लुइझियानातल्याच मॅंडेव्हिलच्या सरकारी मनोरुग्णालयात त्यांना कोंडण्यात आलं. पण गव्हर्नरपद त्यांच्याकडेच होतं. त्यांनी सरकारी इस्पितळांच्या प्रमुखालाच हटवलं आणि नव्या माणसांकरवी आपली सुटका करून घेतली. पटकथाकाराने रचलं असतं तर कुणाला खरं वाटलं नसतं, असा हा प्रसंग.

वर्तमानपत्रांनी मात्र नर्तकी आणि वेड, एवढंच उचलून धरलं. काळ्यांची नावं मतदारयाद्यांत टिकावीत म्हणून लाँग यांनी आणलेलं विधेयक बारगळलं.

ऑगस्ट १९६० मध्ये लाँग यांनी काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकी संसदेसाठी, डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी जिंकली. तिथे तेव्हा ती मिळाली की निवडून आल्यातच जमा. ५ सप्टेंबरला ते वारले. लुइझियानातल्या काळ्या मतदारांना कायद्याचं खरं संरक्षण मिळायला १९६५ साल उजाडलं.