के७ कुठे गेलं? डेबियनच्या कर्नल पॅकेजांची पार्श्वभूमी

जून २००५ मध्ये डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची ‘सार्ज’ आवृत्ती आली. तिच्यात ३२ बिट पीसीसाठी २.४.२७ कर्नलची (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) पॅकेजं अशी होती: ३८६, ५८६टीएससी, ६८६, ६८६-एसएमपी, के६, के७, के७-एसएमपी. ही नावं प्रोसेसरांच्या पिढ्यांची; के६ आणि के७ एएमडी कंपनीच्या. सोर्स कोड एकच, फक्त कंपाइल करताना, म्हणजे त्याचं प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करताना, दिलेले पर्याय निराळे. त्यामुळे आधी आपला प्रोसेसर ओळखायचा आणि मग पॅकेज निवडायचं, अशी रीत होती.

याचं मूळ इंटेलच्या १९८५ च्या ३८६ चिपमध्ये आहे. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये कर्नल लिहायला घेतलं ते याच चिपवर. ३८६ साठी कंपाइल केलेला कोड पुढच्या पिढ्यांवरही चालतो, पण त्यांच्या नव्या सूचना (प्रोसेसरला कळणारे आदेश) वापरत नाही. उलट दिशेनं मात्र घोटाळा होतो. १९९५ च्या पेंटियम प्रोनं (हीच ६८६ पिढी) ‘सीमूव्ह’ ही सूचना आणली आणि ६८६ साठी कंपाइल केलेला कोड ती वापरतो. एएमडीच्या के६ मध्ये ती नाही, म्हणून ६८६ कर्नल त्यावर चालत नाही. खालचं पॅकेज निवडलं तर वेग किंचित कमी, वरचं निवडलं तर मशीन बूटच होत नाही. खरं तर घरच्या पीसीवर ३८६ आणि ६८६ मधला फरक क्वचितच जाणवायचा. फोरमवर त्यावरून होणारे वाद मात्र जोरदार असत.

एसएमपीचा, म्हणजे एकाहून जास्त प्रोसेसर असलेल्या मशीनचा, फरक खरा होता. दोन प्रोसेसर असतील तर एकाच डेटावर दोघांनी एकदम हात घालू नये म्हणून कुलपं लागतात, आणि एकच प्रोसेसर असलेल्या मशीनवर त्यांचा खर्च फुकट जातो. म्हणून दोन पॅकेजं. २००६ मध्ये कर्नलमध्ये एक सुंदर युक्ती आली: बूट होताना प्रोसेसर किती आहेत ते पाहून कर्नल स्वतःचाच कोड दुरुस्त करून घेतं आणि नको असलेली कुलपं काढून टाकतं. एप्रिल २००७ च्या ‘एच’ आवृत्तीतून एसएमपीची वेगळी पॅकेजं गेली. २००९ च्या ‘लेनी’तून के७ ही गेलं, ॲथलॉनवाल्यांना (के७ म्हणजे एएमडीचा ॲथलॉन) ६८६ पुरेसं होतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला निर्णायक बदल हाच. निवड माणसाकडून कर्नलकडे गेली.

मेमरीचा गुंता जास्त टिकला. ३२ बिट पत्त्यांत ४ जीबीपलीकडे जाता येत नाही; पीएई सुविधेनं ३६ बिट पत्ते, म्हणजे ६४ जीबी मिळतात. त्यासाठी ६८६-बिगमेम होतं, त्याचंच पुढे ६८६-पीएई झालं. २०१३ च्या ‘व्हीझी’त साधं ६८६ उरलं नाही, आणि सुरुवातीच्या पेंटियम एमचे लॅपटॉप अडकले. त्या चिपमध्ये पीएई होतं, पण ती ते जाहीर करत नसे! अशांना जुन्या प्रोसेसरांसाठीचं ४८६ पॅकेज घ्यावं लागे. डेबियन ज्यावरून पॅकेजं बनवतं त्या मूळ लिनक्स कर्नलनं तर ३८६ चा आधार त्याच वर्षी, ३.८ आवृत्तीत, काढून टाकला.

तोवर ६४ बिटचा निकाल लागला होता. इंटेलनं २००१ मध्ये इटॅनियम आणला, त्याची सूचनावली पूर्ण वेगळी. एएमडीनं २००३ मध्ये ऑप्टेरॉनमध्ये जुनीच सूचनावली ६४ बिटपर्यंत वाढवली, आणि २००४ मध्ये इंटेललाही तीच घ्यावी लागली. म्हणून इंटेलच्या कोअर आय५ वरही ‘एएमडी६४’ हेच पॅकेज. इंटेलचा प्रोसेसर म्हणून ‘आयए६४’ उतरवून घेणाऱ्यांची सीडी बूट होत नसे, कारण ती इटॅनियमची. शंका असेल तर ‘सीपीयूइन्फो’ फाइलमधल्या फ्लॅग्जच्या ओळीत ‘एलएम’ शोधावं. ते दिसलं की प्रोसेसर ६४ बिटचा.

ऑगस्ट २०२५ च्या ‘ट्रिक्सी’त ३२ बिट पीसीसाठी ना कर्नल आहे ना इन्स्टॉलर. पण भेद पुन्हा डोकं वर काढतायत. २०२० मध्ये ६४ बिट प्रोसेसरांचे, त्यांना कोणत्या सूचना कळतात त्यावरून, व्ही१ ते व्ही४ असे स्तर ठरले. डेबियन व्ही१ वरच आहे, तर रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० ला व्ही३ लागतो, म्हणजे इंटेलच्या बाबतीत २०१३ च्या हॅसवेलपासून पुढचा प्रोसेसर. यातला फायदा मुख्यतः ॲप्लिकेशनांना. व्ही३ मधली रुंद वेक्टर रजिस्टरं (एका सूचनेत अनेक आकडे हाताळणाऱ्या प्रोसेसरमधल्या जागा) कर्नल स्वतः फार थोड्या ठिकाणी वापरतं.