एक परवाना, अनेक राज्ये: अमेरिकेतल्या नर्सिंग कॉम्पॅक्टची पार्श्वभूमी

अमेरिकेत नर्सला परवाना देश देत नाही, राज्य देते. नर्सच्या नोंदणीचा पहिला कायदा १९०३ साली नॉर्थ कॅरोलिनाने केला, आणि त्याच वर्षी न्यू जर्सी, न्यू यॉर्क व व्हर्जिनिया त्याच वाटेने गेले. परीक्षा एक व्हायला मात्र बराच काळ गेला. १९४४ मध्ये राज्यांसाठी सामाईक परीक्षा आली, १९८२ मध्ये तिची जागा एनसीएलईएक्सने घेतली. परीक्षा एकच, तरी राज्य बदलले की नवा अर्ज, नवे शुल्क, पुन्हा कागदपत्रांची पडताळणी हे चालूच राहिले. फोनवर सल्ला देणाऱ्या नर्सची अडचण त्याहून मोठी होती. रुग्ण ज्या राज्यात असेल तिथे सेवा दिली असे कायदा मानतो, त्यामुळे खुर्चीवरून न उठताही तिला अनेक परवाने लागत.

यावर राज्यांच्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय परिषदेने १९९७ मध्ये तोडगा काढला, तो म्हणजे राज्याराज्यांमधला करार, अर्थात नर्सिंग कॉम्पॅक्ट. ड्रायव्हिंग लायसन्ससारखाच परवाना राहत्या राज्यातून घ्यायचा आणि करारातल्या सगळ्या राज्यांनी तो मानायचा. २००० साली मेरीलँड, टेक्सास, युटा आणि विस्कॉन्सिन यांनी सुरुवात केली. पण २०१५ पर्यंत करारात पंचवीसच राज्ये होती. अडले ते विश्वासावर. काही राज्ये बोटांचे ठसे घेऊन गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासत, काही तपासत नसत. मग दुसऱ्याने दिलेला परवाना आपण डोळे मिटून का मानायचा? हा आक्षेप रास्तच होता. म्हणून नव्या करारात अकरा समान अटी घातल्या गेल्या, आणि १९ जानेवारी २०१८ पासून तो लागू झाला. आज बहुतेक राज्ये त्यात आहेत. कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्क मात्र बाहेर आहेत. तिथे काम करायचे तर वेगळाच परवाना काढावा लागतो.

आजचे अडथळे या अटींमधूनच येतात. मल्टिस्टेट, म्हणजे करारातल्या सगळ्या राज्यांत चालणाऱ्या परवान्यासाठी सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकी सरकार देते तो ओळख क्रमांक) लागतो. भारतात राहून एनसीएलईएक्स पास झालेल्या नर्सकडे तो नसतो, त्यामुळे तिचा पहिला परवाना एकाच राज्यापुरता असतो. अमेरिकेत पोचल्यावर करारातले राज्य आपले कायमचे निवासस्थान म्हणून नोंदवून तो बदलून घ्यावा लागतो. निवासाचा पुरावा म्हणून ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार नोंदणी किंवा आयकर विवरण चालते. नुसता भाडेकरार पुरेल असे धरून चालू नये. व्हिसावर असलेल्या नर्सने अर्जात मायदेश हाच निवास लिहिला, तर परवाना पुन्हा एका राज्याचाच मिळतो. ही चूक फार सहज होते.

करारातल्या एका राज्यातून दुसऱ्यात कायमचे राहायला गेल्यास साठ दिवसांच्या आत नव्या राज्याकडे अर्ज करायचा, हा नियम २ जानेवारी २०२४ पासून आहे. नोकरी स्वीकारण्याआधी नर्सिस या सामाईक नोंदवहीत स्वतःचे नाव शोधून पाहावे. परवान्यापुढे ‘मल्टिस्टेट’ असे लिहिले नसेल, तर शेजारच्या राज्यात एक पाळीसुद्धा करू नये.