चूक न कळू देणारी चिप

३० मे २०२४. ऐन नवतप्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअसची नोंद केली. आकडा कुणालाच पटेना. २०१३च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंश झालं होतं, तेव्हाच जिवाची काहिली झाली होती. सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याने लगेच स्पष्ट केलं.

मला मात्र तेव्हापासून एक प्रश्न छळतो. त्या यंत्राने ५६ऐवजी ४७ सांगितलं असतं तर? कुणी शंकाही घेतली नसती.

चिपच्या बाबतीत खरी भीती हीच. बंद पडलेली चिप लक्षात येते. सीताबर्डीतला कारागीर बोर्ड सूक्ष्मदर्शकाखाली धरतो, हॉट एअर गनने जुनी उचलतो, नवी बसवतो. चालू राहून चुकीचं उत्तर देणारी चिप शोधायची कशी? फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१मध्ये असंच एक उदाहरण मांडलं. १.१चा ५३वा घात काढून पूर्णांक घेतला तर उत्तर येतं १५६. एका प्रोसेसरचा एक कोअर (आकडेमोड करणारा स्वतंत्र भाग) मात्र शून्य सांगायचा. ५२वा घात विचारला की १४२, अगदी बरोबर! हे गणित फाइलचा आकार काढण्यासाठी होतं, त्यामुळे या शून्यापायी फाइल रिकामी आहे असं ठरायचं आणि ती गाळली जायची. कुठे गजर नाही, कुठे इशारा नाही.

काही दोष कारखान्यातल्या चाचणीतून निसटतात, काही वयाने येतात. कन्हानच्या पुरात काठची माती सरकते, तसे चिपमधल्या बारीक तारांतले अणू इलेक्ट्रॉनांच्या लोंढ्याने सरकतात. व्होल्टेज आणि उष्णता सोसून ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधले सूक्ष्म स्विच, मंदावतात. चिपचं काम घड्याळासारख्या ठोक्यांवर चालतं. ३ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ३ अब्ज ठोक्यांच्या चिपमध्ये दोन ठोक्यांत अंतर असतं जेमतेम ३३३ पिकोसेकंदांचं (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग). संकेत तेवढ्यात पोचला नाही, की चुकीचा आकडा पुढे जातो.

म्हणून चिपची नाडी आतूनच बघायची. इस्रायलमधल्या हैफाची प्रोटिअनटेक्स ही २०१७ साली सुरू झालेली स्टार्टअप हेच करते. चिपचा आराखडा होतानाच तिच्यात चिमुकली मापक सर्किटं पेरली जातात आणि त्यांची मापं सॉफ्टवेअर वाचत राहतं. यातली एक युक्ती जुनीच आहे. विषम संख्येतल्या इन्व्हर्टर गेटची माळ करून तिचं टोक सुरुवातीला जोडायचं. (हा इन्व्हर्टर लाइट गेल्यावर कामी येणारा नव्हे, हा ०चा १ आणि १चा ० करतो.) माळेत संकेत गरगर फिरत राहतो. फेऱ्यांचा वेग उतरला, की ट्रान्झिस्टर थकले. मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं पाऊल: चिप काम करत असतानाच, खऱ्या वाटांवर संकेत ठोक्याच्या किती आधी पोचतो ते मोजणं. ही शिल्लक आटू लागली, की चूक होण्याआधीच कळतं.

शिल्लक भरपूर असेल तर उलटा फायदा. सुरक्षेसाठी चिपला एरवी थोडं जास्तच व्होल्टेज देतात. ते ५ टक्क्यांनी उतरवता आलं, तर ठोक्यागणिक खर्च होणारी वीज सुमारे १० टक्क्यांनी वाचते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. डेटा सेंटरच्या बिलात हा आकडा मोठा असतो.

अशा देखरेखीचा भर सध्या डेटा सेंटर आणि गाड्यांमधल्या महागड्या चिपवर आहे. नागपूरच्या उन्हात लोखंडी पेटीत तापणारे सिग्नलचे, पंपाचे बोर्ड त्यात कधी येतील, याची मी वाट पाहतोय.